बालवाडीच्या ताईंना विचारा : ‘येते हं’ म्हणूनच निघा

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षं दोन महिन्यांची आहे. घराजवळच्या बालवाडीत 15 एप्रिलपासून तीन आठवड्यांचं उन्हाळी शिबिर आहे, सकाळी नऊ ते साडेअकरा. जूनमध्ये नर्सरी सुरू व्हायच्या आधी सवय व्हावी म्हणून नाव घातलं. आजवर ती आजीला सोडून कुठेच राहिलेली नाही. तिथल्या ताई बरंचसं इंग्रजीत बोलतात, म्हणून मी रंगांची आणि फळांची इंग्रजी नावं पाठ करून घेते आहे, पण ती कंटाळते. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला कशाला? आणखी काय तयारी करून घेऊ?
— एक आई, धायरी

उत्तर : आधी ती फळं बंद करा. ‘मँगो’ म्हणता आलं नाही म्हणून कुठलंही मूल शिबिरात रडलेलं मी एकतीस वर्षांत पाहिलेलं नाही. शू लागली आणि सांगता आलं नाही म्हणून रडलेली मात्र शेकड्यांनी पाहिली.

त्यामुळे भाषेची तयारी लेकीची नको, ताईंची करा. तुमच्या घरात पाण्याला ‘मम’ म्हणतात का? लागलं तर ‘बाऊ’? शूला आणखी काही खास शब्द? काही घरांत असतो. एकीकडे तर ‘नंबर’ म्हणायचे आणि आम्ही बिचाऱ्या पोराला एक-दोन-तीन म्हणून दाखवायला सांगत होतो. तोवर व्हायचं ते झालं. असे चार-पाच शब्द चिठ्ठीवर लिहा आणि पहिल्याच दिवशी ताईंच्या हातात द्या. कशाची ॲलर्जी असेल तर तेही त्याच चिठ्ठीवर, ठळक अक्षरात.

मग कपडे. जीन्स, बटणाची पँट, मागे चेन असलेला फ्रॉक, सगळं लग्नाकार्यासाठी ठेवा. सैल इलॅस्टिकची सुती चड्डी, जी तिला स्वतः खाली करता येईल आणि निदान अर्धी तरी वर ओढता येईल. आजपासून घरी रोज तिलाच करू द्या. मागून चड्डी वर ओढताना मुलं अडकतात, तिथे दोन बोटांची मदत करा, पूर्ण हात लावू नका. शिबिर सुरू व्हायच्या आधी एकदा तिला तिथे नेऊन बाथरूम दाखवून आणा. वर्ग नंतर, आधी बाथरूम. घरी कमोड आणि तिथे भारतीय बैठक, किंवा उलट, एवढ्यानेही मुलं अडीच तास दाबून धरतात. फ्लशचा आवाज तर कित्येकांना राक्षसासारखा वाटतो. तिलाच तो ओढू द्या, दोनदा ओढला की भीती जाते.

डब्याचंही तसंच. तुळशीबागेत डबा घ्यायला जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या आणि दुकानातच झाकण उघडून बघायला सांगा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या, पुण्यात आहोत. तिला उघडता आला तोच डबा घ्यायचा, मग त्यावर कुठलंही चित्र असो वा नसो. बाटलीचंही तेच. घास भरवत असाल तर आता सकाळचा एक तरी खाऊ तिने तिच्या हाताने खायला हवा. सांडेल. खाली जुना पेपर टाका. डब्यात गूळ-तुपाचा पोळीचा लाडू, घावन, थालीपिठाचे तुकडे, असं एका हातात धरून खाता येणारं काही द्या. द्राक्षं दिलीत तर उभी चिरून, आख्खी नकोत. शेंगदाणे तर या वयात डब्यात नकोतच. घशात अडकतात.

आता मुख्य गोष्ट. गेटपाशी तुम्ही काय करणार?

बहुतेक घरांतून सल्ला येतो, ती खेळण्यात रमली की हळूच सटका. हा सल्ला मी स्वतः पाळला आहे. 1988 साली माझा मुलगा तीन वर्षांचा होता. मी दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळायची आणि माझा मुलगा दुसऱ्या बालवाडीत. तो वाळूत बसलेला पाहिला आणि मी चोरपावलांनी निघाले, कारण मलाच माझ्या वर्गावर पोचायला उशीर होत होता. पुढचा महिनाभर तो घरात माझा पदर सोडायला तयार नव्हता. मी न्हाणीघरात गेले की बाहेर दार वाजवत बसायचा. आई न सांगता नाहीशी होते, हे त्याला कळलं होतं, आणि एकदा होते ती पुन्हाही होईल, हेही. इतरांना सांगायचं ते शहाणपण माझ्या घरी अजून पोचलं नव्हतं, दुसरं काय.

म्हणून सांगून निघा. थोडक्यात सांगा, एकदाच सांगा. “मी आता घरी जाते. तू खेळशील, खाऊ खाशील, गाणं म्हणाल, मग आई येते.” साडेअकरा वाजता येते, हे तिला कळत नाही, खाऊ आणि गाणं कळतं. मग एक पापी, आणि पाठ फिरवून चालू लागा. ती रडेल. तुम्ही गेटाबाहेर उभं राहून डोकावू नका. मुलं ते बरोबर हेरतात आणि दुप्पट जोराने रडतात. आणि गाणं झाल्यावर येते म्हणालात तर गाणं झाल्यावर तिथे हजर राहा. पहिला आठवडाभर पाच मिनिटंही उशीर नको.

या ‘येते हं’ची सराव-परीक्षा घरीच घ्या. तिला आजीजवळ ठेवून, सांगून, दूध आणायला जा आणि परत या. दुसऱ्या दिवशी अर्धा तास, मग तासभर. अशी आठ-दहा वेळा परत आलात की तुमच्या शब्दाला किंमत येते.

सासूबाईंचा प्रश्न मला वावगा वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला काम करत होत्या, 1945 नंतरची गोष्ट. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. लहान मूल अनोळखी जागी चटकन रुजत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. तुम्ही अंगण नेऊ शकत नाही, पण अंगणातलं काहीतरी नेता येतं. आजीच्या जुन्या साडीचा रुमालाएवढा तुकडा तिच्या पिशवीत ठेवा. सासूबाईंनाच शिवायला सांगा, म्हणजे त्याही या शिबिरात सामील होतील.

उरलेलं भराभर सांगते. उठण्याची वेळ आत्तापासून रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणा. टोपी, बाटली, चपला, सगळ्यावर नाव घाला. स्कूटरवर पुढे उभी करून नेत असाल तर ते बंद करा; चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे. शिवाय एप्रिलात साडेअकराचं ऊन म्हणजे तव्यावरून चालणं. शिबिराच्या बाईंना विचारा की मुलांना शू-शीला कोण नेतं, एका ताईकडे किती मुलं असतात आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी न्यायला आलं तर त्या काय करतात. शेवटच्या प्रश्नाला ‘ओळखतो आम्ही सगळ्यांना’ असं उत्तर आलं तर मी नाव काढून घेईन.

आणि घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका. ‘आज कुणाचं पाणी सांडलं?’ विचारा. मग बघा कशी बोलते.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. शिबिराला दहा दिवस झाले, अजून रडतो. पैसे परत मिळणार नाहीत. नेत राहू का?
— कोथरूड

उत्तर : कुठलं रडणं, ते ताईंना विचारा. गेटाशी रडून दहा मिनिटांत वाळूत रमत असेल तर नेत राहा. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, घाबरू नका. पण आतही रडतच असेल, डबा तसाच परत येत असेल, रात्री दचकून उठत असेल, तर थांबवा. पैसे गेले, जाऊ देत. जूनपर्यंत मूल पुष्कळ मोठं होतं. तोवर संध्याकाळी सारसबागेत न्या.

प्रश्न : नातू साडेतीन वर्षांचा. मुलगा-सून दोघंही सकाळी हिंजवडीला जातात, त्यामुळे शिबिराला सोडणं-आणणं माझ्याकडे. तो म्हणतो, “आजोबा, तुम्ही पण वर्गात बसा.” ताई म्हणतात, लगेच निघा. माझा पाय निघत नाही.
— एक आजोबा, नारायण पेठ

उत्तर : आजोबा, ताईंशी बोलून चार दिवस मागून घ्या. पहिल्या दिवशी वर्गात दाराजवळ बसा, पण त्याच्याशी खेळू नका, पेपर वाचा. खेळायला लागलात तर तुम्हीच त्याचा वर्ग व्हाल. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात. तिसऱ्या दिवशी त्याला सांगा, “मी मंडईत जातो आणि गवार घेऊन येतो,” आणि खरंच जा. येताना गवारच आणा. भेंडी स्वस्त मिळाली म्हणून भेंडी आणलीत तर तो तुम्हाला पकडेल. सुटल्यावर गेटापाशीच पिशवी उघडून त्याला दाखवा, हात घालून बघू द्या. चौथ्या दिवशी काय आणायचं, ते त्यालाच ठरवू द्या. कलिंगड म्हणाला तर मात्र रिक्षा करा.