तुमच्या पत्रातली चहाची ओळ

पत्र: मावशी, मी नगरची. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती विश्वास आहे. एकुलता एक मुलगा सहा वर्षं अमेरिकेत युटाला नोकरी करतो. तिथल्या एका मॉर्मन पंथातल्या मुलीशी त्यानं लग्न ठरवलंय. म्हणतो, "आई, तेही येशूलाच मानतात, काही फरक नाही." आमचे पाळकसाहेब म्हणतात, ते ख्रिस्ती नव्हेतच. त्याचे पप्पा महिनाभर त्याच्याशी बोललेले नाहीत. त्यात कळलं की लग्न त्यांच्या टेंपलमध्ये, म्हणजे त्यांच्या खास मंदिरात होणार आणि आम्हाला आत घेणार नाहीत. पोटच्या पोराच्या लग्नात मी बाहेर बसू? मुलगी फोनवर गोड बोलते. मुलगा आताशा चहासुद्धा पीत नाही. खरं कोण बोलतंय ते सांगा, आणि मी काय करू तेही.

ताई,

तुमच्या पत्रात चहाची ओळ अगदी शेवटी, जाता जाता आली आहे. माझा जीव तिथंच अडकला. पण तुम्ही आधी खऱ्याखोट्याचं विचारलंत, म्हणून आधी ते.

मुलगा तुम्हाला फसवत नाही. त्या मुलीच्या घरी बायबल आहे, प्रार्थना येशूच्या नावानं होते. येशू आपल्या पापांसाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे ती मनापासून मानते. पण "काही फरक नाही" हे त्याचं म्हणणं बरोबर नाही. शब्द तेच आहेत, त्यांचे अर्थ वेगळे आहेत. मी स्वतः मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढलेली बाई आहे, त्यामुळे हे मला सौम्य करून सांगता येणार नाही.

सगळ्यात मोठा फरक देवाबद्दलच आहे. रविवारी उभं राहून आपण विश्वासाचा अंगीकार म्हणतो, त्यातला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणजे एकच देव. ३२५ साली निकियात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला मंडळीनं हे शब्दांत बांधलं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट एकमेकांशी कितीही भांडले तरी इथं एक आहेत. मॉर्मन शिकवणीत मात्र ते तिघं वेगवेगळे आहेत, एका हेतूनं जोडलेले. पित्याला हाडामांसाचं शरीर आहे, असं त्यांच्या शास्त्रात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण योहानाच्या चौथ्या अध्यायात वाचतो, "देव आत्मा आहे". त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं १८४४ च्या एप्रिलमध्ये, मारला जाण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, एका प्रवचनात सांगितलं की देवही कधीकाळी माणसासारखा होता आणि माणूस देवासारखा होऊ शकतो. आपण यशयात वाचतो की देवाच्या आधी कुणी देव झाला नाही आणि त्याच्यानंतरही होणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरता येत नाहीत. निर्माणकर्ता आणि निर्माण केलेला यांच्यामधली रेघच तिथं पुसली जाते. पाळकसाहेबांचा जीव तुटतो तो यासाठी.

दुसरा फरक शास्त्राचा. त्यांच्याकडे बायबलखेरीज आणखी तीन ग्रंथ आहेत. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यातला मुख्य. तो १८३० साली छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला न्यूयॉर्क राज्यात त्यांची मंडळी स्थापन झाली. प्रेषितांच्या मागून खरी मंडळी पृथ्वीवरून नाहीशी झाली होती आणि ती स्मिथच्या हातून परत आली, हा त्यांच्या विश्वासाचा पायाच आहे. ताई, तुमच्या गावाच्या दृष्टीनं हे पाहा. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले, तेही त्याच मुलखातून. ज्या मंडळ्यांनी त्यांना पाठवलं, त्या सगळ्या भरकटलेल्या आहेत असं स्मिथ तिकडे सांगत होता. म्हणजे त्यांचा हिशोब मान्य केला तर तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंना मिळालेली सुवार्ताच अपुरी ठरते. मुलाला "काही फरक नाही" म्हणताना हे सुचलं असेल असं मला वाटत नाही.

तारणाविषयी थोडक्यात सांगते. इफिसकरांस पत्रात तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही. त्यांच्या ग्रंथातलं वाक्य असं, की आपल्याकडून होईल ते सगळं केल्यावर कृपेनं तारण होतं. हल्ली त्यांचेच शिक्षक या वाक्याचा अर्थ पुष्कळ मवाळ लावतात, तेही सांगायला हवं. मेल्यावर माणसं गौरवाच्या तीन पायऱ्यांवर जातात, असं ते मानतात. मेलेल्यांच्या वतीनं जिवंत माणसं बाप्तिस्मा घेतात. सर्वांत वरच्या पदाला पोचायला टेंपलमध्ये नवराबायकोची गाठ बांधून घ्यावी लागते. ही गाठ मरणानंतरही टिकते, असा त्यांचा विश्वास आहे. पुनरुत्थानात लग्न करत नाहीत असं प्रभूनं सदूकींना, म्हणजे पुनरुत्थान न मानणाऱ्या यहुदी पंथाला सांगितलं, ते मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. आपल्यात पाळकही "मरणानं वेगळं होईपर्यंत" म्हणवून घेतात. त्या मुलीला हेच शब्द भयंकर वाटत असतील. टेंपलचा तिचा आग्रह तुम्हाला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तिच्या समजुतीनं तिथं न बांधलेलं लग्न मरणाशी संपतं.

आता लग्नाचं. तुम्हाला कळलं ते खरं आहे. टेंपलच्या आत परवान्याशिवाय कुणी जात नाही. परवाना फक्त सभासदांना मिळतो, त्यांच्या पाळकाशी मुलाखत झाल्यावर. त्यांच्यातलेही कितीतरी आईबाप, भावंडं बाहेर बागेत थांबलेली असतात. पण एक गोष्ट तुमच्या मुलानं सांगितलेली दिसत नाही. पूर्वी अमेरिकेत आधी साधं, कायदेशीर लग्न केलं तर टेंपलसाठी वर्षभर थांबावं लागे. २०१९ च्या मे महिन्यात त्यांच्या पुढाऱ्यांनी ही अट काढून टाकली. आता आधी सगळ्यांच्या देखत लग्न लावता येतं, आणि टेंपलचा विधी पाठोपाठ करता येतो. हे तुम्ही आजच मागा, पत्रिका छापायच्या आधी. रडून मागू नका, सरळ मागा: "मला तुम्ही वचन देताना पाहायचंय." आपल्या पाळकांना तिथं एक प्रार्थना करू द्याल का, हेही विचारा. नाही म्हणाले तरी विचारलेलं बरं.

आणि आता चहा. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे, १८३३ पासूनच्या नियमानं. नगरच्या घरात वाढलेलं पोर एखाद्या मुलीला बरं वाटावं म्हणून चहा सोडेलही. पण दोघंही सभासद असल्याशिवाय टेंपलमध्ये लग्न होत नाही, आणि नव्या माणसाला तिथल्या लग्नासारख्या विधींसाठी साधारण वर्षभर थांबावं लागतं. म्हणजे टेंपलचं लग्न खरंच ठरलं असेल, तर तुमच्या मुलानं त्यांचा बाप्तिस्मा घेतला असण्याची शक्यता फार आहे, कदाचित वर्षापूर्वीच. हे लिहिताना माझा हात जड झाला आहे. तुमच्या मांडीवर असताना त्याचा झालेला बाप्तिस्मा ते धरत नाहीत. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला बाप्तिस्मा देणं त्यांच्या शास्त्रात चूक मानलं आहे. उलट बाजूनं, रोमनं, म्हणजे कॅथलिक मंडळीनं, २००१ साली त्यांचा बाप्तिस्मा वैध नसल्याचं जाहीर केलं. उद्या तो परत आपल्या मंडळीत आला तर काय करायचं, ते पाळकसाहेबांना आत्ताच शांतपणे विचारून ठेवा.

मला वाटतं, तुमच्या मनानं हे ओळखलंय. नाहीतर ती चहाची ओळ लिहिलीच नसती.

त्याच्या पप्पांना हे पत्र वाचायला द्या. त्यांचा राग शिकवणीवर असेल तर तो त्यांनी मुलाशी बोलून दाखवावा, यशया आणि योहान समोर घेऊन, हवं तर दर रविवारी फोनवर. महिनाभराच्या अबोल्यातून मुलाला कळलंय एवढंच, की घरी खरं सांगता येत नाही. मुलीशी मात्र वाद घालू नका, निदान पहिल्या भेटीत. एकाहून जास्त बायका करण्याचा विषय तर मुळीच काढू नका. त्यांच्या मंडळीनं तो प्रकार १८९० साली अधिकृतपणे थांबवला, आज कुणी केला तर त्याला काढून टाकतात. तिला विचारायचंच तर हे विचारा, की ती प्रार्थनेत काय म्हणते. आणि तुम्ही काय म्हणता ते तिला सांगा, मराठीतच म्हणून दाखवा, अर्थ मुलाला सांगू दे. तिथं फरक आपोआप बोलायला येईल, आणि तुम्ही तो लपवू नका.

पण त्याआधी मुलाला एकट्याला फोन करा. स्पीकर बंद ठेवा, पप्पा बाहेर गेलेले असताना. त्याला सरळ विचारा: "बाळा, तू बाप्तिस्मा घेतलास का?" तो गप्प बसला तर गप्प बसू द्या. हो म्हणाला तर फोन ठेवू नका.

तुमची,
मावशी