हेवी मेटलची सुरुवात नेमकी कोणी केली: लेड झेपेलिन, डीप पर्पल की ब्लॅक सबाथ?

तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र झेपेलिनवर अडून बसलाय आणि तुम्हाला डीप पर्पल वाटतं. माझं उत्तर ब्लॅक सबाथ. पण आधी एक भानगड मिटवू. नुसत्या कर्कश आवाजाला मेटल म्हणायचं असेल, तर झेपेलिनच्याही दहा वर्षं मागे जावं लागेल.

१९५८ मध्ये लिंक रे या अमेरिकन गिटारवाल्याने आपल्या ॲम्पच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. स्टेजवर निघालेला चरचरीत आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत नव्हता म्हणून. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने त्याच्या स्वस्तातल्या छोट्या हिरव्या ॲम्पचा कागदी कोन ब्लेडने फाडला. गणपतीत मंडळाचा स्पीकर फाटल्यावर जो आवाज येतो, साधारण त्याच जातीचा. आपण ऑपरेटरला शिव्या घालतो, त्यांनी त्या आवाजावर 'यू रियली गॉट मी' काढलं आणि ते गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं.

पुढची उडी मात्र फाटक्या स्पीकरची नाही, मोठ्या स्पीकरची. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल नावाचे ड्रम शिकवणारे मास्तर होते, त्यांचं वाद्यांचं दुकान. ड्रमवाल्या पोरांबरोबर गिटारवालेही तिथे यायला लागले आणि दमदार ॲम्प मागायला लागले. १९६५ च्या सुमारास 'द हू' या बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंडने तर आठ स्पीकरचं एकच खोकं करून मागितलं. झालं ते, पण उचलताना हमालांची कंबर मोडायची वेळ आली, म्हणून त्याचे चार-चारचे दोन तुकडे केले आणि एकावर एक ठेवले. मेटल बँडच्या मागे जी काळ्या खोक्यांची भिंत दिसते, ती आली ती अशी.

मग गिटारवाला जिमी हेंड्रिक्स आणि क्रीम हा बँड आले. जानेवारी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चिअर या बँडने तिघांत मिळून जो काही गोंधळ घातला, तो आजही कानाला त्रास देतो. त्याच वर्षी स्टेपनवुल्फ या बँडच्या गाण्यात 'हेवी मेटल' हे शब्द आले, पण ते मोटरसायकलच्या गडगडाटाबद्दल. या सगळ्यांच्या बुडाशी ब्लूजच, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, होतं. फक्त ते दामटून वाजवलेलं. झेपेलिनचंही तेच. त्यांचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा, म्हणजे तारखेने तुमचा मित्र पुढेच आहे. पण ब्लूज, लोकसंगीत, मधेच अकूस्टिक गिटार असं सगळं एका ताटात वाढणारा तो बँड होता. डीप पर्पलचा 'इन रॉक' हा अल्बम जून १९७० चा. त्यांच्या जॉन लॉर्डने ऑर्गन मार्शल ॲम्पमधून वाजवून जी मजा आणली ती मला प्रचंड आवडते, पण तोवर सबाथचा पहिला अल्बम येऊन चार महिने झाले होते.

आता बर्मिंगहॅम. तिथल्या ॲस्टन या कामगारवस्तीतली सबाथची ही चार पोरं. गायक ओझी ऑझबर्नने कत्तलखान्यात काम केलेलं, त्याआधी एका कारखान्यात मोटारीचे हॉर्न ट्यून करायचं. (मेटल गायकाला याहून योग्य अप्रेंटिसशिप मला सुचत नाही.) गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५, वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा परत जायचंच नव्हतं त्याला, पण आईने पाठवलं: सुरू केलंय ते नीट संपवून ये. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून टोनीला त्या मशीनवर उभं केलं. प्रेस हातावर आला, त्याने झटक्यात हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण मी सहा वर्षं भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये काढली आहेत. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. माल पटापट निघावा म्हणून त्यातलं एक बटण जाम करून ठेवतात, आणि ज्या दिवशी बदली माणूस उभा राहतो त्याच दिवशी घात होतो. आमच्याकडे असंच एका पोराचं बोट गेलं. तो पखवाज वाजवायचा.

टोनी खचला होता. फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून ऐकवली आणि मग सांगितलं, हा माणूस आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी वाजवतो. मग टोनीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांवर बसतील अशा टोप्या केल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा चढवल्या. टोपीखाली तार लागत नाही, त्यामुळे अंदाजाने घट्ट दाबायची. नाजूक, गुंतागुंतीचे कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक स्वर) अवघड झाले. त्याचा भर आला पॉवर कॉर्डवर, म्हणजे नुसता सा आणि प, तानपुऱ्यावर असतात तेच. फाटलेल्या आवाजात गंधार घातला की चिखल होतो, सा-प मात्र ठणठणीत राहतात. हा त्याचा शोध नव्हे, किंक्सचं गाणंही यावरच आहे. पण त्याने त्यावर अख्खं घर बांधलं.

शिवाय वेग. बाकीचे सगळे धावत होते, हे संथ झाले. बँडचं नाव पूर्वी 'अर्थ' होतं. त्याच नावाचा आणखी एक बँड निघाला म्हणून बोरिस कार्लॉफ या नटाच्या एका भयपटाचं नाव उचललं: 'ब्लॅक सबाथ'. लोक पैसे मोजून घाबरायला जातात, मग आपण घाबरवणारं संगीत का करू नये, असा हिशोब. बास वाजवणारा गीझर बटलर होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराचं 'मार्स' वाजवून बघत होता, त्यातून टोनीला 'ब्लॅक सबाथ' याच नावाच्या गाण्याची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, सुचली. पेटी असेल तर काढून बघा: खालचा सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम, शेवटच्या स्वरावर कंप. बस्स, एवढंच. युरोपात या अंतराला 'सैतानाचा स्वर' म्हणायचे. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनमध्ये येतो आणि कोणी घाबरत नाही, कारण तिथे त्याला लगेच पंचमाचा आधार मिळतो. इथे पंचम येतच नाही. स्वर लोंबकळत राहतो.

हे गाणं असलेला त्यांचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी बाहेर आला. 'रोलिंग स्टोन' या मासिकात समीक्षक लेस्टर बँग्सने लिहिलं की हे क्रीमसारखेच आहेत, फक्त वाईट. तरी तो इंग्लंडात आठव्या क्रमांकापर्यंत गेला. एक गैरसमज: गिटार तीन पट्ट्या खाली उतरवण्याची करामत या अल्बममध्ये नाही, ती १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला आणि आवाज आणखी खोल गेला.

मित्राला जरा आधार द्यायचा असेल तर एवढं मान्य करा की सबाथमध्येही ब्लूज बरंच उरलं होतं. ते धुऊन काढायचं काम जूडस प्रीस्ट या बँडने केलं, दोन गिटार घेऊन, सत्तरच्या दशकात. तेही बर्मिंगहॅमचेच.

मित्राला बसवा आणि सबाथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं लावा, हेडफोनवर. आधी अर्ध्या मिनिटाच्या वर नुसता पाऊस आणि लांबून घंटा ऐकू येईल. फाइल बिघडली समजून पुढे ढकलू नका.