‘मॅडम, व्हायरस डोक्यात गेला का?’

तेरा गोळ्यांचा हिशेब लागत नव्हता. मंगलताई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) तारीख उलटून चार दिवसांनी सेंटरवर आल्या होत्या, तरी डबीत नऊ गोळ्या शिल्लक होत्या. नऊ उरलेल्या आणि वरच्या चार दिवसांच्या चार, मिळून तेरा. २००९ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, घेणारी, कधी एक तारीख न चुकवलेली ही बाई. समुपदेशक म्हणून मी जे सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगू लागले, की गोळी चुकली तर व्हायरस गोळीला दाद देईनासा होतो, नियमितपणा हवा. बोलता बोलता माझा आवाज चढला होता, हे आज कबूल करते.

त्या ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मॅडम, मी चुकवत नाही हो. घेतली असं वाटतं. खरंच वाटतं.” आणि रडायला लागल्या.

मी रजिस्टर मिटलं आणि दार लावून घेतलं. मग खरी गोष्ट बाहेर आली. ताई गावातल्या बचत गटाचा हिशेब ठेवत. दहा वर्षं वही त्यांच्याकडेच होती. गेल्या दोन महिन्यांत दोनदा रक्कम जुळली नाही, एकदा चारशे रुपये कमी पडले. ते त्यांनी गुपचूप पदरचे भरले. तरी बायकांमध्ये कुजबुज सुरू झालीच. घरी दूध उतू जायचं, कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. सून म्हणायची, “आई, तुमचं लक्षच नसतं.” त्यांना एचआयव्ही आहे, हे गावात फक्त मुलाला माहीत होतं. दुसऱ्या कुठल्याही आजारात माणूस सांगून मोकळा होतो. यांना तीही सोय नव्हती.

“व्हायरस डोक्यात गेला का? मला वेड लागणार का?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांकडून. ‘तसं काही नसतं’ म्हणून तो उडवून लावू नये. एचआयव्ही मेंदूपर्यंत पोहोचतो, तेही लागण झाल्यावर लवकरच. रक्तातल्या संरक्षक पेशींवर स्वार होऊन तो आत शिरतो. विचार करणाऱ्या मज्जापेशींना तो थेट धरत नाही. त्यांच्या शेजारच्या, मेंदूचं रक्षण करणाऱ्या पेशींमध्ये तो बसतो, त्यामुळे आत मंद दाह चालू राहतो आणि मज्जापेशींच्या कामात अडथळा येतो. ज्यांचा सीडी४, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, एकेकाळी खूप खाली गेला होता, त्यांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. मंगलताईंचे यजमान गेले तेव्हा ताईंचा स्वतःचा सीडी४ ६४ होता.

पण वेड लागणं वेगळं. एआरटी येण्याआधी गंभीर स्मृतिभ्रंश दिसायचा. नियमित गोळ्या घेणाऱ्यांत तो आता क्वचित दिसतो. सौम्य अडचणी मात्र राहतात. काम सावकाश होतं, लक्ष टिकत नाही, दोन कामं एकदम जमत नाहीत. आठवण पुसली जात नाही, ती हाताला लवकर लागत नाही. थोडा इशारा दिला की बरेचदा सापडते.

डॉक्टरांनी छोटी चाचणी घेतली. कुत्रा, टोपी, घेवडा, लाल हे चार शब्द लक्षात ठेवायला दिले. मग अंगठा आणि तर्जनी भराभर मिटायची-उघडायची, त्यानंतर मूठ, तळवा आणि हाताची कड टेबलावर क्रमाने टेकवायची. शेवटी ते चार शब्द विचारले. दोन आपोआप आठवले. “एक रंग होता,” म्हटल्यावर ‘लाल’ आला, “एक भाजी” म्हटल्यावर ‘घेवडा’. १२ पैकी ९ गुण. १० किंवा त्याखाली आले तर पुढे तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ. या चाचणीवर निदान होत नाही, हे मी ताईंना दोनदा सांगितलं, कारण आकडा ऐकताच त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढच्या तपासण्यांनी चित्र बदललं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, आटोक्यातच होता. थायरॉइड ठीक, बीपी वाढलेलं आणि बी-१२ बरंच कमी. ताई माळकरी, मांस-मासे-अंडी कधीच नाहीत, दूधही नावापुरतं. शिवाय एआरटीची गोळी बदलून डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाची आल्यापासून रात्री झोप लागत नव्हती. पहाटे तीनला जाग यायची आणि चारशे रुपये आठवत पडून राहायच्या. मनही उदास होतं, ते आम्ही वेगळं विचारल्यावर सांगितलं. एकाच विसरण्यामागे इतकी कारणं! यातली बरीचशी दुरुस्त होणारी होती, आणि मी मात्र गोळ्या मोजत बसले होते.

डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं आणि बीपीची गोळी सुरू केली. एआरटीची गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितली. आपल्या मनाने वेळ बदलू नका, डॉक्टरांशी बोलून बदला. मेंदूवरच्या या परिणामासाठी वेगळं असं खात्रीचं औषध नाही. एआरटी न चुकवणं हेच औषध. आम्ही सात वारांची डबी आणली. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तिथेच गोळी घ्यायची. आजचा कप्पा रिकामा दिसला की घेतली असं समजायचं, मनाला विचारत बसायचं नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. विसरणं महिनोन्महिने हळूहळू वाढत असेल तर समुपदेशकाशी बोलायला वेळ असतो. पण काही दिवसांतच माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला, जोराची डोकेदुखी, ताप, मान आखडणं, फिट येणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असं काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेंदूचा टीबी किंवा बुरशीचा संसर्ग थांबून राहत नाही.

बचत गटाचं काय करायचं, यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. ताईंना वाटत होतं, खरं सांगितल्याशिवाय चोरीचा आळ जाणार नाही. मी त्यांना २०१७चा एचआयव्ही कायदा समजावला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणीही त्यांना आपली स्थिती उघड करायला भाग पाडू शकत नाही. त्यांनी बायकांना सांगितलं, “माझं बी-१२ कमी झालंय, डोकं चालत नाही, हिशेब दोघींनी मिळून करू.” यात एक अक्षर खोटं नव्हतं. आता एक तरुण बाई वही लिहिते, ताई पैसे मोजतात आणि दोघी मोठ्याने वाचून सही करतात. ते चारशे रुपये कुठे गेले ते आजवर कळलेलं नाही.

सुनेला किती सांगायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मी घाई करत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली. तीन शब्द आपोआप आठवले, झोप सुधारली होती. बोटं अजून सावकाशच चालतात, बेरीज करताना अडखळायला होतं.

या वेळी ताई तारखेच्या एक दिवस आधीच आल्या. उद्याची तारीख आजची समजून बसल्या होत्या. डबीत एक गोळी शिल्लक होती, असायला हवी होती तेवढीच. मी पाणी दिलं, बसवलं आणि फार्मासिस्टना सांगितलं की आजच देऊन टाका.