२०११ सालची व्हिंटेज पोर्ट पुण्यात ठेवावी की उघडावी?

भावाने पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून आणलेली २०११ सालची व्हिंटेज पोर्ट (म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची गोड, कडक पोर्तुगीज वाइन) पुण्यातल्या घरी आणखी वीस वर्षे ठेवता येईल का आणि ती चाखावी कशी, असे आपण विचारले आहे. घरात वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल, तर माझे मत असे की वाट पाहू नये, येत्या थंडीतच ती उघडावी.

आधी लेबल नीट वाचा. त्यावर 'लेट बॉटल्ड व्हिंटेज' असे असेल, तर ती वाइन चार ते सहा वर्षे लाकडात मुरवून मग बाटलीत भरलेली असते आणि बहुधा लगेच पिण्याजोगी असते. नुसते 'व्हिंटेज' असेल, तर मात्र सुगीनंतर साधारण दोन वर्षांनीच ती न गाळता भरलेली असते. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे तीव्र मद्य घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो; पण कोवळ्या वाइनचा तुरटपणा एवढा जबर असतो की तो मऊ व्हायला बाटलीतच पंधरा-वीस वर्षे जावी लागतात. या काळात तुरट द्रव्ये आणि रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी साका धरतात. (गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गोड लाल वाइनचा अनुभव येथे लागू करू नये.)

हे मुरणे बारा ते पंधरा अंश तापमानात, अंधारात, आडव्या बाटलीत व्हावे लागते. पोर्टची द्राक्षे जेथे पिकतात त्या डौरो नदीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळीसवर जातो, म्हणूनच तेथील व्यापाऱ्यांनी पूर्वापार पिंपे होड्यांतून नदीच्या मुखाकडे, पोर्तोसमोरच्या विला नोव्हा दि गाया येथील थंड कोठारांत आणून ठेवली. मग आपल्या माळ्यावर एप्रिल-मेचा उष्मा सोसणाऱ्या बाटलीची काय कथा! मी स्वतः अशीच एक बाटली चार उन्हाळे माळ्यावर उभी ठेवली होती. बूच सुकून आक्रसले, लेबलावर चिकट ओघळ आला आणि आत उरले ते मनुकांच्या करपलेल्या पाकासारखे काहीतरी, जे दोन घोटांनंतर मोरीत ओतावे लागले.

उघडण्यापूर्वी बाटली किमान एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसेल. मग काचेच्या जगमध्ये ती निवळून घ्यावी: बाटलीच्या गळ्यामागे टॉर्च धरून एका संथ धारेत, मध्ये न थांबता ओतावे आणि काळी रेघ गळ्याशी सरकताना दिसली की हात थांबवावा. तळाशी उरलेली दोन-तीन बोटे वाइनही ओतून घेण्याचा लोभ आवरत नाही हे मला ठाऊक आहे, पण तो साका दातांत वाळूसारखा कचकचतो. निवळलेली वाइन दोन-तीन तास उघडी ठेवावी आणि देण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, कारण आपल्या खोलीच्या तापमानात मद्यार्काचा भपकारा आधी नाकात शिरतो.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. कोवळी पोर्ट पिकल्या जांभळाच्या रसासारखी गडद असते, वय वाढेल तशी तिची कड विटकरी होत जाते. २०११ची बाटली अजून बरीच गडद दिसेल. वासात जांभळासारखे काळे फळ, कडू चॉकलेट आणि थोडी मिरी शोधावी; सुके अंजीर आणि अक्रोड पुढे आले असतील, तर ती उन्हाळ्याने अकाली म्हातारी झाली असण्याचा संभव आहे. घोट छोटा घेऊन तोंडात फिरवावा आणि गोडी ओसरल्यावर हिरड्यांवर तुरटपणा किती वेळ रेंगाळतो याकडे लक्ष द्यावे. सोबत गुलाबजाम नको, गोडावर गोड पडून दोन्ही बिघडतात. खारट निळे चीज किंवा भाजलेले अक्रोड पुरेत.

उघडल्यानंतर ती फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच टिकते, म्हणून पाच-सहा जण जेवायला असतील असा दिवस धरावा.