पाण्याच्या कडेला काडी रोवली होती का?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी धरणाच्या ज्या जागेवर चार रोहू आणि दोन सायप्रिनस (कॉमन कार्प) गळाला मिळाले, त्याच जागेवर पुढचे दोन रविवार पहाटे साडेपाचपासून बसून साधी चिलापीसुद्धा लागली नाही. मग तुम्ही आमिष बदललं, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) बारीक केला आणि आता विचारताय की नवा रील घ्यावा का. नका घेऊ, निदान या कारणासाठी तरी. तुम्ही हवा लिहिली, आमिष लिहिलं, गळाचा नंबरही लिहिला. पाणी किती उतरलं तेवढं मात्र कुठेच नाही. माझंही २०१७ मध्ये नेमकं हेच झालं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी सांगतो, मी मत्स्यशास्त्राचा माणूस नाही. पुण्याच्या पश्चिमेकडच्या धरणांवर वीसेक वर्षं बसतोय, तेवढीच शिदोरी. विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर किंवा कोकणात हे लागू पडेलच असं नाही. गळ बांधणं, शिसं, तरंगा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

तर मार्च २०१७. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एका कार्यालयाबद्दल बोलायचंय. (आणि खरं सांगायचं तर जागाही सांगायची नाहीये.) काठापासून साठेक फुटांवर, कमरेएवढ्या म्हणजे तीनेक फूट पाण्यात मी एक बांबू रोवला. बुधवार ते रविवार, पाच संध्याकाळी कामावरून थेट तिथे जाऊन बांबूच्या आजूबाजूला चारा टाकला. शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा आणि भाताचा कोंडा, रोज दोन किलो. मग आठवडाभर जागा ‘पिकू’ दिली, म्हणजे माशांना तिथे खायला यायची सवय लागू दिली, आणि पुढच्या सोमवारी हक्काची रजा टाकली.

पहाटे पाचला अंधारात पोचलो. पाणी लागेपर्यंत चालत गेलो. वाटेत एक पाय घोट्याच्या वर गाळात गेला, चप्पल तिथेच राहिली, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन्ही गळ टाकले आणि बसलो. सव्वासात वाजता थर्मास उघडायला मागे वळलो तर बांबू माझ्या पाठीमागे उभा! ओल्या चिखलात, सरळ. त्याच्या बुंध्याशी पेंडीचे गोळे भेगाळून पडलेले आणि चार बगळे त्यातलं काहीबाही टिपत होते. दहा किलो पेंड मी बगळ्यांना घातली होती.

झालं असं की मधल्या काळात कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवसांचं पाणी, सुटलं होतं. १,००० क्युसेकने (सेकंदाला हजार घनफूट) कालवा चालला की दिवसाला ०.०८६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जातं. वीस दिवसांत पावणेदोन टीएमसीच्या आसपास. आठ-साडेआठ टीएमसीच्या धरणाचा हा पाचवा हिस्सा झाला. माझ्या बाजूला काठाचा उतार वीसास एक होता, म्हणजे पातळी एक फूट उतरली की काठ वीस फूट आत सरकतो. तीन फूट उतरली की साठ. हा हिशोब शाळेतल्या पोराला जमेल, मला चप्पल गेल्यावर जमला.

आता त्या पाटबंधारे कार्यालयाबद्दल. मी विचारलंच नव्हतं असं नाही. जानेवारीतच जाऊन विचारलं होतं की उन्हाळी आवर्तन साधारण कधी सुटेल. पहिल्या टेबलावर ‘वरच्या मजल्यावर’, वरच्या मजल्यावर ‘साहेब साइटवर’, दुसऱ्या खेपेला ‘लेखी अर्ज द्या’. दिला, पोचही घेतली. उत्तर पावसाळा लागल्यावर आलं: सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. धरण त्यांचं, दरवाजे त्यांचे, कालवा त्यांचा, आणि पाणी कधी सुटणार ते संबंधित नाही! पाणी शेतासाठी आहे, माझ्या गळासाठी कुणी दरवाजा बंद ठेवावा असं माझं म्हणणं नाही. तारीख सांगायला काय जात होतं एवढंच. गंमत म्हणजे फाट्यावरच्या चहावाल्याला तारीख ठाऊक होती, कारण त्याचा दीड एकर ऊस त्याच कालव्यावर. तेव्हापासून मी कार्यालयाची पायरी चढत नाही. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची बातमी स्थानिक पेपरात येते, आवर्तन किती दिवसांचं तेही बहुतेक वेळा असतं. नाहीतर कालव्याखालच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. धरणसाठ्याचे रोजचे आकडेही छापून येतात. तीन दिवस ओळीने टक्के घसरताना दिसले की समजायचं.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे काडी. पोचल्या पोचल्या पाण्याच्या अगदी कडेला हिराची (खराट्याची) काडी रोवा आणि निघताना बघा. पाच-सहा तासांत काडी कोरडी पडून पाणी मागे गेलं असेल तर पाणी उतरतंय. वारा जोरात असेल तर लाटांमुळे फसगत होते, म्हणून आडोशाला रोवा.

पाणी उतरताना मासा उथळ सपाटीवर थांबत नाही हा माझा अनुभव आहे, शास्त्र विचारू नका. तो खोलाच्या धारेवर सरकतो. म्हणून आवर्तन चालू असताना मी सपाट काठ पूर्ण सोडतो आणि मुरमाड, उभ्या उताराची बाजू धरतो. तिथे पातळी फूटभर उतरली तरी काठ दोन-तीन फूटच हलतो. दुसरी जागा म्हणजे बुडालेल्या ओढ्याचं जुनं पात्र. चारा टाकून जागा पिकवायचे उद्योग दोन आवर्तनांच्या मध्ये करायचे, कालवा बंद होऊन तीन-चार दिवस झाले की. सायप्रिनसची आणखी एक गोष्ट. तो आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये काठच्या गवतात, पाणवनस्पतींत अंडी घालायला येतो, अंडी चिकट असतात. तुम्हाला पहिल्या रविवारी मिळालेले दोघे बहुधा त्यातलेच. पाणी ओसरलं की ते गवत उघडं पडतं, मग तिथे यायचं त्याला कारणच उरत नाही.

दुसरी चूक (रागावू नका) पहाटे साडेपाचची. थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली असं आपण म्हणतो, पण ती माणसांची. धरणाचं पाणी सावकाश तापतं. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याकडे पहाटे तेरा-चौदा अंश आणि दुपारी तेहतीस असतं; रोहू-कटला थंड पाण्यात अंग चोरून राहतात, खायला दुपारी निघतात. या दिवसांत मी निवांत नाश्ता करून अकराला बसतो आणि चारला उठतो. पहाटेचं कौतुक एप्रिलपासून. दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की वरचं तापलेलं पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकललं जातं, त्याच्याबरोबर पाण्यातलं बारीक खाद्यही. कटला वरच्या थरातलं खाणारा, तोंडच वर वळलेलं. त्यामुळे तोंडावर वारा घेऊन बसायची तयारी ठेवा. पाठीवर वारा घेऊन गळ लांब जातो, खरं आहे, पण तो गार पाण्यात जातो.

आमिषाचं विचारलंत म्हणून सांगतो, तुमची कणीक ठीक आहे. फक्त लिंबाएवढा गोळा लावू नका, या दिवसांत वाटाण्याएवढा पुरे. कणकेत चिमूटभर कापूस विंचरून मळा, म्हणजे चिलाप्यांनी टोचा मारला तरी गळावरून सुटत नाही. चिलाप्या फारच त्रास देत असतील तर त्या जागेवरून उठा, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

चिखलाचं मात्र गांभीर्याने घ्या. नुकतं उघडं पडलेलं पात्र वरून वाळलेलं दिसतं, भेगाही पडतात, आणि खाली मांडीपर्यंत गाळ असतो. माझी चप्पल गेली. ओळखीतले एक काका कमरेपर्यंत रुतले, दोर टाकून काढावं लागलं. एकटे असाल तर पाण्याच्या मागे चालत जाऊ नका. उजनीला भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उभे दिसतात ना, तसल्या जागी वीतभर पाणी आणि खाली निव्वळ गाळ असतो. फोटो लांबून काढा.

परवानगीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांच्या माणसाला भेटून पावती घ्या आणि खिशात ठेवा. काही धरणांवर बंदीच आहे आणि भिंतीजवळ तर कुठेच बसू नका. नियम जागोजागी वेगळे, माझ्या शब्दावर जाऊ नका.

रीलचे पैसे वाचलेत तर मे महिन्यात एक दिवस मोकळा काढा. पाणी सगळ्यांत कमी असतं तेव्हा गळ न घेता जा आणि तुमच्या बाजूचा उघडा पडलेला भाग कडेकडेने, कडक जमिनीवरून फिरून बघा. बुडालेल्या गावाच्या भिंती, शेताचे बांध, विहीर, जुना रस्ता, ओढ्याचं वळण, सगळं समोर असतं. उजनीत पळसदेवचं देऊळ असंच उन्हाळ्यात वर येतं. मी वहीत नकाशा काढतो, समोरच्या डोंगरावरच्या एखाद्या झाडाशी रेघ जुळवून. पुढच्या फेब्रुवारीत तोच बांध आठ-दहा फूट पाण्याखाली असतो आणि मासा त्याच्या कडेला. माझ्या वहीत अशा अकरा जागा आहेत. त्यातल्या सात काही कामाच्या निघाल्या नाहीत, पण उरलेल्या चारांवर मी गेली सहा वर्षं बसतोय.

तुमच्या काठाचा उतार कसा आहे, सपाट की उभा? आणि कालवा सध्या चालू आहे का? तेवढं लिहा, मग जागेचं बोलू.