सातबारा नसलेली मुलगी

"मॅडम, वर्गात सगळ्यांच्या घरी शेती आहे. मलाच काही येत नाही. मी परत जाणार नाही."

पहिलं सत्र संपवून सुट्टीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली ही भांडुपची मुलगी. तिला मी इथे सायली म्हणते. बारावीनंतर सीईटी देऊन तिने बीएस्सी अ‍ॅग्रीला प्रवेश घेतला होता. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी एकात. अभ्यासक्रम चार वर्षांचा, राहणं हॉस्टेलवर. गुण चांगले होते, रसायन आणि वनस्पतीशास्त्रात तर वर्गात पुढे होती.

मग बिघडलं कुठे? विचारल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. नंतर सांगितलं. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमध्ये तण काढताना तिने तणाबरोबर मुगाची रोपंही उपटली. कोणीतरी म्हणालं, "मुंबईची आहे, तिने पिशवीतलीच भाजी बघितलीय." सगळे हसले. त्या दिवसापासून प्लॉटवर जाताना तिच्या पोटात गोळा यायचा.

याहून जड गोष्ट घरची होती. सायलीच्या बाबांचा भाजीचा गाळा आहे. पहाटे तीनला टेम्पोतून वाशी मार्केटला जातात. "टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी गाडीभाड्यापुरतेही पैसे सुटत नाहीत म्हणून डोक्याला हात लावून बसतो, ते मी बघतो. त्या वाटेला पोरीला कशाला घालू?" असा त्यांचा विरोध होता. ती भांडून गेली होती. आता जमत नाही हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

कृषी शिकणाऱ्या शहरी मुलांकडून "शेतीतलं काही येत नाही" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की हल्ली लगेच धीर देत नाही. आधी नेमकं काय येत नाही ते लिहून आणायला सांगते. सायलीच्या कागदावर तणांची नावं होती, अवजारांची नावं होती, "कोळपणी म्हणजे काय" होतं. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, "रात्री आईची आठवण येते."

ती शेवटची ओळ आम्ही वेगळी काढली. घरची ओढ आणि विषयाची भीती एकमेकांत मिसळली की मूल विषयच सोडतं. घरच्या ओढीसाठी रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन आणि महिन्यातून एकदा घरी, एवढंच केलं.

भीतीसाठी एक काम दिलं. परत जा, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या पाच मुलामुलींना विचार: तुमच्या घरी काय पिकतं आणि कोणतं पीक तुम्ही जवळून कधीच बघितलं नाही? सत्र अर्धं होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही, असंही ठरलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. आवाज वेगळाच होता. सांगलीच्या मैत्रिणीला द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी तोंडपाठ, पण भाताची लावणी तिने कधी केलेली नाही. रत्नागिरीच्या मुलाने लहानपणापासून भाताच्या रोपांसाठी राब भाजलेत, आवण म्हणजे लावणीची रोपं काढलीत, पण पेरणीची तिफण त्याने पहिल्यांदा कॉलेजात बघितली. अमरावतीची मुलगी संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, समजावून सांगते, केळीच्या बागेत मात्र पाहुणीच. तण काढण्यालासुद्धा एक शब्द नाही: कोणी खुरपणी म्हणतं, कोणी निंदण, कोकणातला बेणणी म्हणतो. आणि इंग्रजी पुस्तकापुढे यातले बरेच जण अडखळतात. आता ते सायलीकडून संज्ञा समजून घेतात, आणि सायली त्यांच्याबरोबर प्लॉटवर जाते.

शेती येणं ही एकच एक गोष्ट नाही, हे तिला माझ्या सांगण्याने पटलं नसतं. ज्याला त्याला आपल्या मातीतलं, आपल्या घरच्या दोन-चार पिकांचं येतं. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, रोगशास्त्र यांच्या वर्गात सगळे जवळपास कोरेच बसतात.

प्रत्येकाला मी 'टिकून राहा' सांगत नाही. एका मुलाला माती, ऊन, झाडं यांतलं काहीच आवडत नव्हतं, कमी गुणांत मिळालं म्हणून आला होता. त्याला मीच दुसरी वाट शोधायला मदत केली. सायलीचं तसं नव्हतं. हसं झाल्यानंतरही ती कीटक संग्रहाच्या पेटीसाठी एकटी बांधावर फिरायची. मी ते धरून बसले.

बाबांना वेगळं बोलावलं. त्यांना नोकरीचं ऐकायचं होतं. बँकांमध्ये कृषी अधिकाऱ्यांची भरती होते, एमपीएससीतून कृषी सेवेत जाता येतं, बियाणं आणि खत कंपन्या आहेत, पुढे एमएस्सी आहे. परीक्षा सगळीकडे कठीण, स्पर्धा मोठी, हेही सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

सायली आता सातव्या सत्रात आहे. 'रावे'साठी, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या अभ्यासक्रमासाठी, गावात राहते, शेतकऱ्यांच्या बांधावर जाते. मध्यंतरी बाबांनी गाळ्यावरचं एक वांगं चिरून फोटो पाठवला, "ही कसली अळी गं?" तिने उत्तर दिलं, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, आणि माल कुठल्या गावचा आहे ते विचारून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशीला त्यांनी ते विचारलं.