मुठीची पकड आणि वहीतले आकडे

एकसष्ट वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ समुपदेशनासाठी आले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी एक वही माझ्यापुढे ठेवली. तीत चाळीस दिवसांच्या मुठीच्या पकडीच्या नोंदी होत्या. पहिल्या पानावर ३३ किलो, शेवटच्या पानावर २६. "पुरुषाची पकड २७च्या खाली गेली की स्नायू झिजू लागले समजायचं, आणि पकड कमी असणारे लवकर जातात, असं वाचलं. माझं तसंच चाललंय का?" पकड मोजणारा डायनामोमीटर घरी आणलेल्या अनेकांकडून मी हा प्रश्न ऐकला आहे.

"रोज मोजता तसंच माझ्यासमोर मोजा," असे मी म्हणालो. ते उभे राहिले, हात सरळ खाली सोडला, मूठ दाबली, आकडा पटला नाही म्हणून पुन्हा दाबली. आठव्या खेपेला हात थरथरू लागला, आणि वहीत उतरला तो नेमका त्याच खेपेचा आकडा.

मग त्यांना थोडा वेळ विश्रांती देऊन खुर्चीत बसवले. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, तळवा आतल्या बाजूला, मनगट किंचित मागे झुकलेले आणि यंत्राची मूठ पाचपैकी दुसऱ्या खाचेत, अशा स्थितीत मिनिटभराच्या अंतराने तीनदा मोजले: ३१, ३२, ३०. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपरापुढच्या हातात असतात आणि त्यांचे स्नायुबंध मनगटावरून जातात. त्यामुळे मनगट आत वळले की ते स्नायू आधीच आखडतात आणि जोर लागत नाही. दमलेल्या हाताबद्दल तर वेगळे सांगायलाच नको.

मृत्यूविषयी त्यांनी वाचलेले खोटे नव्हते. १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकड दर ५ किलोंनी कमी असण्याशी मृत्यूचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी जास्त असण्याचा संबंध दिसला. परंतु हा समूहाचा हिशेब आहे. पकडीवरून एकंदर स्नायूंचा, पोषणाचा आणि आजारपणाचा अंदाज येतो. नुसती स्प्रिंग दाबून आकडा वाढवल्याने आयुष्य वाढते, असे त्यातून सिद्ध होत नाही. २७ ही रेषाही युरोपीय तज्ज्ञगटाची (स्त्रियांसाठी १६). आशियाई गटाने २०१९ मध्येच ती २८ आणि १८ ठरवली. तिच्याखाली जाणे म्हणजे शंका, निदान नव्हे.

तरीही केवळ "काळजी करू नका" म्हणून मी त्यांना परत पाठवले नाही. रात्री बोटे बधिर होतात का, एकाच हातातून वस्तू निसटतात का, अंगठ्याखालचा उंचवटा खोलगट झाला आहे का, हे विचारले. उत्तरे नकारार्थी होती. (एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, तर वही उघडत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.) निवृत्तीनंतर चालणे बंद झाले आहे आणि जेवणही निम्म्यावर आले आहे, हे मात्र बोलण्याच्या ओघात निघाले, आणि मला चिंतेचे वाटले ते तेच. त्यांना आहाराबाबत डॉक्टरांकडे आणि पाय-पाठीच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले.

मोजणे तीन महिन्यांतून एकदा, असे मी सुचवले. "आठवड्यातून एकदा?" त्यांनी घासाघीस केली. शेवटी महिन्यावर तडजोड झाली, आणि किलो-दोन किलोंचा फरक मोजायचाच नाही, हेही ठरले. तिसऱ्या महिन्यात ते वही घेऊन आले. नव्या पानावर तीनच नोंदी होत्या, आणि प्रत्येकीपुढे कोपराचा कोन, खाचेचा क्रमांक आणि खुर्चीची उंचीसुद्धा लिहिलेली होती.